बोट पाण्यात उतरवताना : पिकअप, ट्रेलर आणि मधले पाच मीटर

धरणांच्या आणि तलावांच्या तळाशी साचलेला गाळ मोजणे, हे आमचे काम आहे. त्यासाठी खोली मोजणारे यंत्र बसवलेली, सुमारे पाच मीटर लांबीची फायबरची बोट ट्रेलरवर चढवून आम्ही पिकअपने नागपूरहून ठिकठिकाणी नेतो. रामटेकजवळचा खिंडसी, नागपूरला पिण्याचे पाणी देणारा पेंच नदीवरचा नवेगाव खैरीचा जलाशय, वैनगंगेवरचे गोसीखुर्द आणि प्रसंगी शहरातलाच अंबाझरी, ही आमची नेहमीची ठिकाणे. या कामात नव्याने येणारी मुले खोल पाण्याला बिचकतात, मात्र काठावर बिनधास्त वावरतात. माझ्या मते धोका नेमका काठावर असतो. बोट पूर्ण तरंगू लागली की ती हाताच्या ओढीने हलते, कोणीही तिला सांभाळू शकतो. पण त्याआधीची काही मिनिटे, जेव्हा बोटीचे अर्धे वजन ट्रेलरवर असते, ट्रेलर पिकअपला जखडलेला असतो आणि पिकअपची मागची चाके शेवाळाच्या उतारावर टेकलेली असतात, ती फार जपून काढावी लागतात. बोट परत घेताना हाच प्रकार उलट्या क्रमाने होतो आणि तेव्हा तर माणसे थकलेलीही असतात.

आपल्याकडे बोटीसाठी मुद्दाम बांधलेला उतार क्वचितच मिळतो. जिथे पर्यटकांसाठी नौकाविहार चालतो, तिथल्या बोटी बहुधा कायम पाण्यातच असतात, आणि मच्छीमारांचे डोंगे चार जण मिळून उचलतात किंवा ओढत काठावर आणतात. त्यामुळे ट्रेलर पाण्यात उतरवण्याची जागा दर वेळी शोधावी लागते. धरणाच्या भिंतीकडे तर बघूच नये. मातीच्या धरणाच्या पाण्याकडील अंगावर दगडी पिचिंग असते, त्याचा उतार साधारणपणे अडीच-तीनास एक इतका तीव्र असतो आणि तिथे वाहन नेणे धरणाच्या दृष्टीनेही योग्य नाही. घाटाला पायऱ्या असतात. उरतो तो नैसर्गिक काठ, आणि विदर्भात हा काठ बहुतेक ठिकाणी काळ्या मातीचा असतो.

काळी माती फसवी असते. पाणी ओसरल्यावर वरचा थर उन्हाने वाळतो, त्याला भेगा पडतात, माणूस चालला तर पायसुद्धा रुतत नाही. त्या पापुद्र्याखाली मात्र वीतभर अंतरावर ओला गारा तसाच असतो आणि पिकअपचे वजन येताच चाक त्यात बसते. म्हणून गाडी खाली नेण्याआधी सब्बल घेऊन माणसाने खाली जावे, असा आमचा नियम आहे. ज्या दोन पट्ट्यांवरून चाके जाणार, त्या पट्ट्यांवर पावलापावलावर सब्बल टोचून पाहावी. ती हाताच्या जोराने वीतभर आत गेली, तर ती जागा सोडून द्यावी. मुरूम लागला तर आवाजच वेगळा येतो, खरखरीत आणि कोरडा, आणि सब्बल दोन-तीन बोटांवर अडते. हीच तपासणी पुढे पाण्यात, मांडीइतक्या खोलीपर्यंत करावी लागते, कारण ट्रेलरची चाके तिथवर जाणार असतात. पाण्याखालचा एखादा दगड किंवा खड्डा काठावरून दिसत नाही, पायालाच कळतो. हे करणाऱ्या माणसाने लाइफ जॅकेट घातलेले असावे, पाणी गुडघ्याएवढेच असले तरी.

सर्वांत उत्तम जागा म्हणजे बुडीत रस्ता. धरणात गावे गेली तेव्हा त्या गावांना जाणारे रस्तेही पाण्याखाली गेले. आज ते रस्ते सरळ चालत येऊन पाण्यात शिरतात आणि तळाशी त्यांची खडी, मुरूम, कधी डांबरही शाबूत असते. गोसीखुर्दच्या पाणलोटात अशा जागा आहेत आणि तिथले मच्छीमार डोंगे लावण्यासाठी त्याच वापरतात. ज्यांची घरे त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होती, त्यांच्यापैकीच कोणी काठावर जाळे विणत बसलेले असते. म्हणून तिथे गाडी थांबवून आधी विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाण्याची पातळी कुठे आहे, रस्ता कुठे तुटला आहे, जाळी कुठे लावली आहेत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. "भाऊ, इथून नका घालू, खाली पूल फुटला हाये, तिकडच्या बाभळीपासून घ्या," एवढ्या एका वाक्याने आमचा ट्रेलर वाचल्याचे प्रसंग आहेत. शिवाय मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो आणि बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकून फाटलेले जाळे म्हणजे कोणाच्या तरी आठवड्याच्या कमाईवर पाणी. जलसंपदा विभागाची परवानगी तर लागतेच, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहसारख्या जलाशयात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय बोट नेण्याचा विचारही करू नये.

आता उताराचे गणित सांगतो, कारण सगळे त्यावर ठरते. आमच्या ट्रेलरच्या चाकांपासून पिकअपच्या मागच्या चाकांपर्यंतचे अंतर सुमारे पाच मीटर आहे. बोट ट्रेलरवरून सहज सुटण्यासाठी ट्रेलरची चाके अंदाजे साठ सेंटिमीटर पाण्यात जावी लागतात. उतार आठास एक असेल, म्हणजे साडेबारा टक्के, तर पाच मीटरच्या अंतरात जमीन साधारण बासष्ट सेंटिमीटर चढते. म्हणजे ट्रेलर हवा तेवढा बुडतो आणि पिकअपची मागची चाके पाण्याच्या कडेशी, जेमतेम कोरडी राहतात. हाच उतार विसास एक असेल, तर त्याच पाच मीटरमध्ये जमीन पंचवीस सेंटिमीटरच चढते आणि पिकअपची मागची चाके पस्तीस सेंटिमीटर पाण्यात उभी राहतात. तिथे सायलेन्सरचे तोंड पाण्याच्या अगदी जवळ येते आणि मागचे डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा, पाण्याला लागते. लांबच्या प्रवासाने तापलेले डिफरेन्शियल थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते, हवा जाण्याच्या छोट्या नळीतून किंवा सीलमधून पाणी ओढले जाते आणि पुढे कधीतरी तेल दुधाळ झालेले आढळते. उलट उतार पाचास एक झाला, तर बोट झटकन उतरते, पण भरलेला ट्रेलर घेऊन परत चढताना चाके जागेवरच फिरतात. त्यामुळे साडेबारा ते पंधरा टक्के हा उतार बोटीच्या कामाला योग्य मानला जातो, आणि त्यामागचे कारण हे असे मोजून पाहता येते.

काठ उथळ असेल तर पिकअप पाण्यात नेण्याऐवजी आम्ही ट्रेलर सोडवतो. पिकअप वर घट्ट जमिनीवर उभी करायची, तिच्या हुकाला जाड दोर बांधायचा, ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकावर त्याला तोलून दोराच्या आधाराने हळूहळू खाली जाऊ द्यायचे आणि परत घेताना पिकअपने ओढून घ्यायचे. वेळ लागतो, मनुष्यबळही जास्त लागते, पण वाहन कोरडे राहते. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणीही उभे राहता कामा नये, हे मात्र ओरडून सांगावे लागते.

पातळीचा प्रश्न वेगळाच. आपले जलाशय सप्टेंबरअखेर भरलेले असतात आणि मे-जूनपर्यंत खाली खाली जात राहतात. पाणी तीन मीटर उतरले, तर आठास एकच्या उतारावर पाण्याची कड चोवीस मीटर मागे जाते, आणि चाळीसास एकच्या सपाट काठावर तब्बल एकशेवीस मीटर. म्हणजे ऑक्टोबरमध्ये उत्तम वाटलेली जागा एप्रिलमध्ये चिखलाचे मैदान झालेली असते. मागच्या खेपेच्या आठवणीवर विसंबून गाडी खाली घालू नये, सब्बल दर वेळी हाती घ्यावी.

पाण्याजवळ जाण्याआधीची तयारी वर, सपाट जागेवर, सावकाश करावी. बोटीच्या तळाशी, मागच्या बाजूला पाणी काढण्याचे भोक असते. त्याचे बूच घट्ट बसवले आहे की नाही, हे एकाने बघावे आणि दुसऱ्याने हात लावून खात्री करावी. इंधन, बॅटरी, वल्ही, लाइफ जॅकेट, यंत्रे, सगळे वरच चढवावे. मागचे पट्टे सोडावेत, इंजिन वर उचललेले असावे, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढून ठेवावी, कारण तापलेला बल्ब थंड पाण्यात तडकतो. पुढच्या नाकाला आणि मागे, अशा दोन ठिकाणी दोर बांधावेत. विंचचा, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बोट ओढून धरणाऱ्या रहाटाचा, पट्टा मात्र बोट पाण्यात तरंगेपर्यंत सोडू नये. कोरड्या उतारावर तो सोडला तर बोट ट्रेलरवरून घसरून थेट दगडावर येऊ शकते. ट्रेलरच्या चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग असलेले मधले भाग, प्रवासाने गरम झालेले असतात. नागपूर-रामटेक हे सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर कापून आल्यावर त्यांना हात लावून पाहा. डिफरेन्शियलचे जे होते तेच इथेही होते, बेअरिंगमध्ये पाणी शिरते आणि ग्रीस खराब होते. म्हणून अर्धा तास थांबणे आमच्या वेळापत्रकातच धरलेले असते, जागेची पाहणी आणि ही सगळी तयारी त्याच वेळात होते.

रिव्हर्स घेणे ही सवयीची गोष्ट आहे. स्टिअरिंग खालच्या टोकाशी धरावे, मग हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलरचा मागचा भाग जातो आणि मनातला गोंधळ संपतो. लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर वळतो, म्हणून कट अगदी थोडा द्यावा आणि लगेच सरळ करावा. वाकडे होऊ लागले की जिद्दीने मागे रेटू नये, चार मीटर पुढे घेऊन पुन्हा सरळ यावे. रिकामा ट्रेलर पिकअपच्या आरशात दिसतच नाही, त्यासाठी आम्ही त्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर माणसाच्या उंचीचे पीव्हीसी पाइप उभे केले आहेत आणि त्यांवर लाल-पांढरे पट्टे मारले आहेत. नव्या चालकाला हे सारे पाण्याकाठी शिकवू नये. हिंगणा एमआयडीसीतले रस्ते रविवारी मोकळे असतात, तिथे दोन तास सराव झाला की पुरेसा आत्मविश्वास येतो. इशारा देणारा माणूस एकच असावा आणि तो चालकाच्या आरशात सतत दिसावा. चार दिशांनी "येऊ द्या, येऊ द्या" सुरू झाले की चालक कोणाचेच ऐकत नाही.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत जास्त तळमळ आहे, ती हँडब्रेकची. चालक ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून असतो तोवर चारही चाके धरलेली असतात. ट्रेलर पाण्यात गेला, बोट सोडायची वेळ झाली, चालकाने हँडब्रेक ओढला आणि पाय काढून तो खाली उतरला, की धरून ठेवणारी चाके दोनच उरतात. आपल्या बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, आणि मागची चाके उभी असतात ती नेमकी ओल्या, शेवाळलेल्या पट्ट्यावर. कोरड्या जागेवर असलेली पुढची चाके मोकळी राहतात. पाय काढताच गाडी हळूहळू सरकू लागते, आणि एकदा सरकू लागली की बाहेरून कोणीही ती थांबवू शकत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी नेहमीच्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये जोर मागच्याच चाकांवर असतो. फोर-व्हील ड्राइव्ह गुंतवलेली गाडी गिअरमध्ये उभी केली तर पुढची चाकेही धरली जातात, हा तिचा मोठाच फायदा आहे. अन्यथा उपाय एकच, पुढच्या चाकांच्या मागे लाकडी ठोकळे. पाय पेडलवर असतानाच बाहेरच्या माणसाने दोन्ही बाजूंना ठोकळे ठोकून बसवावेत, "लागले" असे मोठ्याने सांगावे, आणि मगच चालकाने पाय सैल करून गाडी ठोकळ्यांवर टेकू द्यावी. त्या ठोकळ्यांना दोरी बांधून दुसरे टोक पिकअपला अडकवले की वर जाताना ते आपोआप मागून येतात, मागे विसरत नाहीत. उतारावर असताना चालकाची खिडकी उघडी, सीटबेल्ट काढलेला आणि दारे लॉक नसलेली असावीत. चालकाखेरीज कोणीही गाडीत बसू नये, लहान मूल तर कदापि नाही.

हे झाले की बोट सोडणे सोपे असते. नाकाचा दोर एकाच्या हाती, मग विंचचा पट्टा आणि साखळी सोडायची, बोट मागे ढकलायची, बाजूला घ्यायची. इंजिनाचा पंखा आणि पाणी खेचणारी जाळी पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, कारण आउटबोर्ड इंजिन त्याच पाण्याने थंड होते आणि कोरडे चालवले तर आतल्या पंपाचे रबरी पाते थोड्या वेळातच जळते.

बोट परत घेणे याहून अवघड आहे. वारा सुटलेला असतो, उन्हाळ्यात दुपारनंतर तो बहुधा वाढतोच, आणि बोट ट्रेलरवर तिरकी येते. नवशिके ट्रेलर गरजेपेक्षा जास्त खोल घालतात. मग बोट ट्रेलरवरच्या आधाराच्या लाकडी पट्ट्यांवर न टेकता वरच तरंगत राहते, आणि गाडी वर निघताच एका बाजूला कलून बसते. आम्ही आधी ट्रेलर खोल नेऊन त्याच्या पट्ट्या पूर्ण भिजवतो, मग थोडा वर ओढतो, इतका की पट्ट्यांचा पुढचा एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर दिसावा. बोटीचे नाक त्या भागावर टेकते आणि मागचा भाग दोराने हवा तसा सरळ करता येतो. मग विंचने ओढून घ्यायचे. इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवण्याची घाईची पद्धत मी कोणालाही करू देत नाही. पंख्याचा झोत उताराच्या टोकाशी जमीन उकरतो, तिथे खड्डा पडतो आणि त्यामागे मातीचा उंचवटा तयार होतो. आपण निघून जातो, आणि पुढच्या माणसाच्या ट्रेलरची चाके त्या खड्ड्यात पडतात.

चढताना पहिला गिअर, क्लच हळू आणि ॲक्सिलरेटर कमीत कमी. चाके फिरू लागली की लगेच थांबावे, कारण फिरणारे चाक शेवाळ आणखी गुळगुळीत करते आणि काळ्या मातीत तर स्वतःचाच खड्डा खणते. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन कमी असते, म्हणून हौद्यात मागच्या चाकांच्या वर वाळूची पोती ठेवावीत. वजनासाठी हौद्यात माणसे उभी करण्याची पद्धत सर्रास दिसते, ती अत्यंत धोकादायक आहे. आमच्याकडे रबरी कन्व्हेयर बेल्टचे दोन लांब तुकडे कायम असतात. कोळसा खाणींतून बाद झालेला हा पट्टा आपल्या भागात भंगारवाल्याकडे मिळतो, आत कापडाचे थर असल्याने तो फाटत नाही, आणि चाकापुढे अंथरला की गाडी त्यावरून शांतपणे निघून जाते. बाजारातल्या महागड्या पट्ट्यांपेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, असेल तर काम आणखी सोपे होते, फक्त वर कोरड्या रस्त्यावर वळण घेण्याआधी तो काढावा.

वर सपाट जागेवर आले की बूच काढून बोटीतले पाणी जाऊ द्यावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते मागच्या बाजूला साचलेले असेल तर हुकावरचा भार कमी होऊन महामार्गावर ट्रेलर डोलू लागतो. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर असावा, असा आम्ही हिशेब ठेवतो. त्याच वेळी ट्रेलरच्या पट्ट्या, पंखा आणि दोर यांना चिकटलेली जलपर्णी आणि इतर वनस्पती हाताने काढून तिथेच कोरड्या जागी टाकाव्यात. जलपर्णीच्या एका तुकड्यापासून नवे रोप होते, आणि एका तलावातून दुसऱ्या तलावात ती नेणारे आपणच ठरू शकतो. निघताना ब्रेक दोन-चार वेळा दाबून वाळवावेत.

माझी एक मागणी आहे आणि ती मी संबंधितांना भेटेल तिथे सांगत असतो. प्रत्येक मोठ्या जलाशयावर निदान एक काँक्रीटचा उतार असावा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले, दोन्ही वेळा लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. रबरी बोट चार जवान उचलून पाण्यात ठेवतात, पण इंजिनाची जड फायबरची बोट नदीत किंवा जलाशयात घालायची, तर तिला घट्ट जमीन लागते, आणि ती पुराच्या रात्री सब्बल टोचत शोधता येत नाही. असा उतार आठास एकचा, चार मीटर रुंद असला तरी पुरे. पृष्ठभागावर तिरक्या खाचा पाडलेल्या असाव्यात, म्हणजे पाणी बाजूला निथळते आणि टायरला पकड मिळते. खालच्या टोकाला मोठे दगड रचलेले असावेत, नाहीतर तिथली माती वाहून जाऊन काँक्रीटची कड अधांतरी राहते आणि एकदा का ट्रेलरची चाके त्या कडेपलीकडे उतरली, की परत वर येत नाहीत. शिवाय हा उतार मे महिन्यातल्या पाणीपातळीच्याही मीटरभर खाली जायला हवा, त्यामुळे त्याचे खालचे काँक्रीट टाकायला मे ते मध्य जून एवढाच अवधी मिळतो, आणि आराखडा, मंजुरी, निविदा हे सारे त्याआधीच्या हिवाळ्यात उरकलेले असले पाहिजे.